एका स्ट्रॉभोवती जमलेले जनमत : प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१५ मध्ये कोस्टा रिकाच्या किनाऱ्याजवळ समुद्री कासवांचा अभ्यास करणाऱ्या एका गटाला ऑलिव्ह रिडले जातीच्या नर कासवाच्या नाकपुडीत काहीतरी अडकलेले दिसले. तो एखादा किडा असावा, असे त्यांना आधी वाटले. टोकाचा तुकडा कापून पाहिला तेव्हा ती प्लास्टिकची स्ट्रॉ असल्याचे लक्षात आले. पशुवैद्याची मदत काही तासांच्या अंतरावर होती, म्हणून गटाने नावेवरच, खिशातल्या चाकूला जोडलेल्या चिमट्याने, सुमारे १० सेंटिमीटर लांबीची ती नळी ओढून काढली. गटातील सागरी जीवशास्त्रज्ञ ख्रिस्तीन फिगेनर यांनी हे सारे चित्रित केले आणि सुमारे आठ मिनिटांची ती चित्रफीत आंतरजालावर टाकली. त्या कासवाची धडपड आणि नाकातून ओघळणारे रक्त पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी वेळा पाहिले गेले.

त्यानंतर तीन वर्षांच्या आत स्ट्रॉ ही पर्यावरणविषयक चर्चेतील सर्वात ओळखीची वस्तू झाली. शहरांनी आणि देशांनी तिच्यावर बंदी आणली, मोठ्या कंपन्यांनी ती सोडल्याच्या घोषणा केल्या आणि ‘मला स्ट्रॉ नको’ असे सांगणे हे जबाबदार नागरिकत्वाचे लक्षण मानले जाऊ लागले. पुढे त्याच वस्तूभोवती उलट दिशेचे जनमतही तितक्याच जोमाने उभे राहिले. समाजमाध्यमांवर पर्यावरणविषयक मत कसे घडते, ते कशावर उभे असते, त्यातून कायदा आणि व्यवहार किती बदलतो आणि कोणाची गैरसोय त्यात नजरेआड होते, हे तपासण्यासाठी या प्रकरणाइतके पूर्ण उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. कारण त्याची सुरुवात, भर आणि उलटा प्रवाह हे तिन्ही टप्पे दहा वर्षांत घडले आणि त्यांच्या नोंदी उपलब्ध आहेत.

माझे मत आरंभीच नोंदवणे योग्य ठरेल. लहान वस्तू निवडली हा या मोहिमेचा दोष मुळीच नव्हता. ती वस्तू किती लहान आहे हे लोकांना सांगितले गेले नाही, आणि जिच्याशिवाय काहींचे पाणी पिणेही अडते अशा वस्तूविषयी निर्णय घेताना त्या माणसांना सर्वात शेवटी विचारले गेले, हे दोन खरे दोष होते. पुढची बरीचशी गुंतागुंत या दोहोंतून उद्भवली.

आकडा कुठून आला

चित्रफितीने भावना दिली, पण मोहिमेला आकडाही हवा होता आणि तो आधीच तयार होता. अमेरिकेत दररोज ५० कोटी प्लास्टिक स्ट्रॉ वापरल्या जातात, हे विधान वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर, कायद्यांच्या मसुद्यांवरील चर्चेत आणि सरकारी संस्थांच्या संकेतस्थळांवरही वर्षानुवर्षे येत राहिले. त्याचा उगम २०११ मधला आहे. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातील नऊ वर्षांच्या एका मुलाने स्ट्रॉचा वापर कमी करण्यासाठी स्वतःहून एक उपक्रम सुरू केला होता आणि एकूण वापर किती हे कळावे म्हणून काही उत्पादकांना दूरध्वनी करून अंदाज विचारले होते. त्यातून ५० कोटींचा आकडा निघाला.

त्या मुलाचा प्रयत्न मला मनापासून कौतुकास्पद वाटतो. उपलब्ध माहिती नसताना थेट उत्पादकांना विचारणे ही त्याने दाखवलेली चौकसपणाची खूण पुढे तो आकडा वापरणाऱ्या बहुतेक प्रौढांनी दाखवली नाही. २०११ साली अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३१ कोटी होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत प्रत्येकजण दिवसाला दीडहून अधिक स्ट्रॉ वापरतो, असे या विधानात गृहीत होते. एवढा साधा भागाकार केला असता तरी शंका यायला हवी होती. २०१८ मध्ये बातमीदारांनी शोध घेतला तेव्हा बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे अंदाज दररोज सुमारे १७ कोटींपासून ३९ कोटींपर्यंत असल्याचे समोर आले. हे आकडेही लहान नाहीत आणि मोहीम त्यांच्या आधारावरही उभी राहू शकली असती. एकाने दुसऱ्याचा दाखला द्यायचा आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा, अशा रीतीने फिरत राहिलेल्या आकड्याला केवळ वारंवार दिसल्यामुळे प्रामाण्य मिळाले, हा यातला खरा चिंतेचा भाग आहे.

स्ट्रॉच का

समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये पिशव्या, बाटल्या, वेष्टने, मासेमारीची जाळी, सिगारेटची थोटके असे कितीतरी प्रकार असताना जनमत स्ट्रॉवरच का एकवटले, याचे उत्तर काही अंशी त्या वस्तूत आणि काही अंशी माध्यमात आहे. स्ट्रॉ बहुतेक लोकांना सोडता येते. ती नाकारायला वाहन बदलावे लागत नाही, घर बदलावे लागत नाही, कोणाचे उत्पन्न बुडत नाही, आणि नाकारण्याची कृती दुसऱ्यांना दिसते, छायाचित्रात टिपता येते, चार शब्दांत सांगता येते. ज्या कृतीचा खर्च कमी आणि दर्शनीयता जास्त तिच्यावर समाजमाध्यमांत सहमती लवकर होते. त्याच निकषावर पाहिले तर घराचे उष्णतारोधन सुधारणे, सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करणे किंवा कचरा गोळा करण्याची व्यवस्था उभारणे या गोष्टी मागे पडतात, कारण त्या करताना कोणी कोणाला दिसत नाही.

माध्यमाचा वाटा किती असतो याविषयी न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उपयोगी आहे. बंदुकांवरील नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या तीन विषयांवरील साडेपाच लाखांहून अधिक ट्विट्स त्यांनी तपासली. नैतिक आणि भावनिक अशा दोन्ही छटा असलेला प्रत्येक अतिरिक्त शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो, असे त्यांना आढळले. हा प्रसार मुख्यतः समविचारी लोकांच्या वर्तुळातच होतो, हा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा होता. स्ट्रॉच्या मोहिमेत या दोन्ही गोष्टी दिसतात. जखमी प्राणी, एक निश्चित दोषी वस्तू आणि ‘आपण थांबू शकतो’ ही हमी एकत्र आल्यावर संदेश वेगाने पसरला. पण तो जसा पसरत गेला तशी त्यातली माहिती गळत गेली आणि निष्ठेची खूण तेवढी ठळक होत गेली. स्ट्रॉ वापरणारा माणूस निष्काळजी, असा अर्थ तिला चिकटला. पुढचा संघर्ष त्या अर्थावरून झाला.

२०१८ : मताचे नियमात रूपांतर

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात समुद्ररक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने महिनाभराची मोहीम राबवली आणि १ जुलै २०१८ पासून त्या शहरातील खाद्यगृहांत प्लास्टिक स्ट्रॉ व काट्या-चमच्यांवर बंदी लागू झाली. तिचा मूळ नियम २००८ सालचा होता. स्ट्रॉला त्यातून दिलेली तात्पुरती सूट पुढे वाढवायची नाही, एवढाच निर्णय नव्याने झाला. समाजमाध्यमांवरील लाटेने कायदा जन्माला घातला असे अनेकदा लिहिले जाते. या ठिकाणी लाटेने आधीच पडून असलेल्या तरतुदीला जाग आणली असे म्हणणे अधिक अचूक होईल. जनमताचे हे काम कमी लेखण्यासारखे नाही, पण तरतूद आधी कोणीतरी शांतपणे लिहून ठेवलेली होती, हेही विसरता कामा नये.

त्याच महिन्यात, ९ जुलै २०१८ रोजी, स्टारबक्सने २०२० पर्यंत जगभरातील आपल्या दुकानांतून प्लास्टिक स्ट्रॉ काढून टाकण्याची घोषणा केली. त्यातून वर्षाला १०० कोटींहून अधिक स्ट्रॉ वाचतील, असे कंपनीने सांगितले. थंड पेयांसाठी थेट ओठ लावून पिता येईल असे नवे झाकण आणले गेले. त्या झाकणाचे वजन जुने झाकण व स्ट्रॉ यांच्या एकत्रित वजनापेक्षा काही आकारांत अधिक भरते, असा आक्षेप लवकरच पुढे आला. झाकण पॉलिप्रॉपिलीन या प्रकारच्या प्लास्टिकचे असल्याने ते पुनर्प्रक्रियेसाठी घेतले जाऊ शकते, स्ट्रॉ मात्र आकाराने लहान असल्यामुळे छाननीच्या यंत्रांतून निसटते, असा कंपनीचा खुलासा होता. खुलाशात तथ्य होते. मात्र पुनर्प्रक्रिया होऊ शकणे आणि प्रत्यक्षात होणे यांतले अंतर फार मोठे आहे. २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया झाली होती, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले होते. स्ट्रॉविषयी बोलणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत हा ९ टक्क्यांचा आकडा पोहोचला असेल, हा प्रश्न मला या संपूर्ण प्रकरणात अस्वस्थ करतो, कारण कासवाइतकेच लक्ष त्याकडेही जायला हवे होते.

ज्यांना विचारले गेले नाही

वाकणाऱ्या स्ट्रॉचा इतिहास या चर्चेत फार थोड्यांनी उकरून काढला. तिचे अमेरिकन पेटंट जोसेफ फ्रीडमन यांना १९३७ मध्ये मिळाले. उंच पेल्यातून सरळ स्ट्रॉने पिताना आपल्या लहान मुलीची होणारी धडपड पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. उत्पादन सुरू झाल्यावर १९४७ मध्ये तिची पहिली विक्री रुग्णालयाला झाली, कारण अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णाला मान न उचलता पाणी देता येणे ही तिथली रोजची गरज होती. ज्या वस्तूला २०१८ मध्ये ‘निव्वळ चैन’ म्हटले गेले, तिचा वाकणारा प्रकार पहिल्यांदा विकला गेला तो आजारी माणसांसाठी.

सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास, पार्किन्सन, मणक्याची दुखापत, पक्षाघातानंतरची दुर्बलता अशा अवस्थांत अनेकांना पेला उचलून ओठांशी नेता येत नाही किंवा गिळताना द्रवाचा ओघ ताब्यात ठेवता येत नाही. अशा माणसाला प्लास्टिकच्या वाकणाऱ्या स्ट्रॉमुळे कोणाच्या मदतीशिवाय पिता येते. बंदीच्या बातम्या येऊ लागताच दिव्यांग व्यक्तींनी आणि त्यांच्या संघटनांनी सुचवलेल्या पर्यायांचा एकेक करून हिशेब मांडला. धातूची स्ट्रॉ गरम पेयात तापते आणि जबड्याला अचानक आचके येणाऱ्या माणसाला इजा करू शकते. काचेच्या स्ट्रॉबाबत हा धोका आणखी मोठा आहे. कागदाची स्ट्रॉ सावकाश पिणाऱ्याच्या तोंडात विरघळते आणि तिचे तुकडे घशात अडकू शकतात. सिलिकॉनची स्ट्रॉ धुण्यासाठी हातांत ताकद लागते, किंवा दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावे लागते. मऊपणा, वाकण्याची सोय, उष्णता सहन करण्याची क्षमता आणि स्वच्छता हे चारही गुण एकत्र देणारा पर्याय त्यांच्यापाशी नव्हता.

या हरकतींना समाजमाध्यमांवर मिळालेली उत्तरे हा या अभ्यासातला सर्वात खेदजनक भाग आहे. ‘स्वतःची स्ट्रॉ घरून आणा’, ‘पूर्वी काय करत होता’, ‘कासवांचा विचार करा’ अशा धाटणीचे प्रतिसाद ठिकठिकाणी दिले गेले. पूर्वी काय होत होते याचे उत्तर रुग्णालयांच्या इतिहासात आहे : माणसे पिताना ठसकत, द्रव फुप्फुसात जाऊन आजारी पडत, किंवा तहान मारत. निसर्गाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला आपण आपोआप न्यायाच्या बाजूने आहोत असे वाटू लागले की समोरच्या दुर्बलाची हरकत त्याला अडथळा वाटते. या प्रकरणात ते उघडपणे दिसले.

सिएटलच्या नियमात वैद्यकीय गरजेसाठी प्लास्टिकची वाकणारी स्ट्रॉ देण्याची मुभा होती. परंतु मुभा म्हणजे सक्ती नव्हे. खाद्यगृहाने साठाच ठेवला नाही तर ती मुभा कागदावर राहते, अशी दिव्यांग संघटनांची तक्रार होती आणि ती रास्त होती. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून बंदी लागू झाली तेव्हा ही चर्चा पुरेशी पुढे गेलेली होती. तिथल्या नियमांत औषधांच्या दुकानांना विक्रीची, तर खाद्यगृहांना मागणी केल्यावर प्लास्टिक स्ट्रॉ देण्याची परवानगी ठेवली गेली. त्या समोर मांडून ठेवायच्या नाहीत आणि न मागता द्यायच्या नाहीत, अशी अट घातली गेली. देशात वर्षाला सुमारे ४७० कोटी स्ट्रॉ वापरल्या जातात असा सरकारी अंदाज होता, त्यामुळे सरसकट वाटप थांबवणे हा उद्देश योग्यच होता. ज्यांना हवी त्यांना मिळावी आणि ज्यांना नको त्यांच्या पेल्यात ती आपोआप पडू नये, ही मांडणी पहिल्या दिवसापासून मोहिमेत असती तर कितीतरी कटुता टळली असती. मागणी आल्यावरच द्यायची, एवढ्या एका बदलाने वापराचा मोठा भाग कमी होऊ शकतो, कारण बहुतेक स्ट्रॉ कोणी मागितलेल्या नसतात.

वजन, संख्या आणि इजा

मोहिमेच्या टीकाकारांनी सर्वाधिक वापरलेला युक्तिवाद वजनाचा होता. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार जगभरच्या किनाऱ्यांवर जास्तीत जास्त ८३० कोटी प्लास्टिक स्ट्रॉ पडलेल्या असाव्यात. त्या सगळ्या समुद्रात वाहून गेल्या असे मानले, तरी दरवर्षी समुद्रात जाणाऱ्या सुमारे ८० लाख टन प्लास्टिकच्या तुलनेत त्यांचे वजन ०.०३ टक्क्यांच्या आसपास भरते. दुसरीकडे, उत्तर पॅसिफिकमधील कचऱ्याच्या मोठ्या पट्ट्याविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिथल्या प्लास्टिकच्या वजनापैकी ४६ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा आढळला. मग स्ट्रॉवर एवढी शक्ती का खर्च केली, असा प्रश्न विचारला गेला.

प्रश्न योग्य आहे, पण त्यातून निघणारा ‘म्हणून स्ट्रॉची मोहीम व्यर्थ’ हा निष्कर्ष मला पटत नाही. समुद्रातील कचऱ्याचे माप एकट्या वजनाने होत नाही. एक स्ट्रॉ अर्ध्या ग्रॅमहूनही हलकी असते. तरीही ती नाकपुडीत शिरायची असेल तर तिचे वजन नव्हे, तिचा आकार निर्णायक ठरतो. संख्या, वजन आणि इजा ही तीन वेगळी मापे आहेत आणि कोणते माप वापरायचे हे आपण कोणता प्रश्न सोडवत आहोत यावर ठरते. मोहिमेच्या बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्या बहुतेकांनी आपल्या सोयीचे माप उचलले आणि दुसरे माप अस्तित्वात असल्याचे सांगितले नाही.

युरोपीय संघाने निवडलेला मार्ग या ठिकाणी लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. तिथे किनाऱ्याचे १०० मीटर लांबीचे पट्टे ठरवून, त्यांवर सापडणारी प्रत्येक वस्तू प्रकारानुसार मोजण्याची पद्धत अनेक वर्षे चालू होती. त्या मोजणीत किनाऱ्यावरील कचऱ्याच्या वस्तूंपैकी ८० ते ८५ टक्के वस्तू प्लास्टिकच्या होत्या. एकूण वस्तूंपैकी सुमारे निम्म्या एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या, तर २७ टक्के मासेमारीशी संबंधित होत्या. सर्वाधिक सापडणारे एकल वापराचे दहा प्रकार आणि मासेमारीचे साहित्य यांवर २०१९ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असलेला संघाचा कायदा, बेतला गेला. त्यात स्ट्रॉ आहे, पण ती एकटी नाही. ३ जुलै २०२१ पासून स्ट्रॉ, ताटल्या, चमचे, ढवळण्याच्या काड्या आणि कानकाड्या यांच्या विक्रीवर बंदी आली. वैद्यकीय उपकरण म्हणून येणाऱ्या स्ट्रॉला त्यातून वगळले गेले. २०२९ पर्यंत प्लास्टिक बाटल्यांपैकी ९० टक्के बाटल्या वेगळ्या गोळा करण्याचे लक्ष्य ठरले. आणि सिगारेटची थोटके व मासेमारीचे साहित्य यांच्या बाबतीत कचरा निस्तरण्याचा खर्च उत्पादकांवर टाकण्यात आला. कासवाच्या चित्रफितीने जो प्रश्न ‘मी काय वापरणे सोडू’ असा विचारला होता, तो इथे ‘कोणी काय बनवणे सोडावे आणि कोणी खर्च भरावा’ असा बदलला. जनमताची ऊर्जा आणि किनाऱ्यावरची कंटाळवाणी मोजणी एकत्र आली, तेव्हा स्ट्रॉ तिच्या खऱ्या जागी, म्हणजे लांब यादीतील एक नोंद म्हणून बसली.

भारतातही १२ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार १ जुलै २०२२ पासून एकल वापराच्या ज्या ठरावीक वस्तूंवर बंदी आली, त्यांत स्ट्रॉचा समावेश आहे. पेयांच्या लहान खोक्यांना चिकटवलेल्या स्ट्रॉसाठी उद्योगाने मुदतवाढ मागितली होती; ती मिळाली नाही.

पर्यायाची परीक्षा आणि उलटा प्रवाह

प्लास्टिकची जागा बहुतेक ठिकाणी कागदाने घेतली. यात नवे काही नव्हते. मार्विन स्टोन यांनी कागदी स्ट्रॉचे पेटंट १८८८ मध्येच घेतले होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्ट्रॉ कागदाचीच असे. मात्र आजची कागदी स्ट्रॉ पाण्यात टिकावी म्हणून तिच्यावर काय प्रक्रिया होते, याची चौकशी उशिरा झाली. बेल्जियममध्ये विकल्या जाणाऱ्या ३९ ब्रँडच्या स्ट्रॉ तपासून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कागदी स्ट्रॉच्या २० पैकी १८ ब्रँडमध्ये पीएफएएस या, निसर्गात सहजी न विघटणाऱ्या, रसायनांचे अंश सापडले. पोलादी स्ट्रॉमध्ये ते एकाही ब्रँडमध्ये सापडले नाहीत. आढळलेले प्रमाण कमी होते आणि धोका मर्यादित असल्याचे संशोधकांनीही म्हटले होते. पण ‘कागद म्हणजे निर्दोष’ ही समजूत टिकण्यासारखी नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

राजकीय उलटा प्रवाह त्याआधीच सुरू झाला होता. जुलै २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने त्यांचे नाव कोरलेल्या दहा प्लास्टिक स्ट्रॉंचा संच १५ डॉलरला विकायला काढला आणि त्यातून थोड्याच दिवसांत लाखो डॉलरचा निधी जमला. स्ट्रॉ नाकारणे ही जशी एका बाजूची ओळख झाली होती, तशी ती वापरणे ही दुसऱ्या बाजूची झाली. १० फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष या नात्याने त्यांनी केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी कागदी स्ट्रॉची खरेदी बंद करण्याचा आदेश काढला. कागदी स्ट्रॉ नीट काम करत नाहीत आणि त्यांतील रसायनांचा आरोग्याला धोका असू शकतो, अशी कारणे त्यात दिली होती. २०२४ च्या जुलैमध्ये आधीच्या सरकारने २०३५ पर्यंत केंद्रीय कामकाजातून एकल वापराचे प्लास्टिक हद्दपार करण्याचे धोरण जाहीर केले होते. त्यात बाटल्या, वेष्टने, भांडी असे बरेच काही होते. चर्चा मात्र पुन्हा स्ट्रॉचीच झाली. मोठ्या धोरणाला विरोध करायचा असेल तर त्याच्या सर्वात क्षुल्लक दिसणाऱ्या भागावर बोट ठेवणे सोपे असते, आणि तो भाग ठळक करण्याचे काम मोहिमेने स्वतःच करून ठेवले होते.

खरा आकार सांगितला असता तर

मोहीम चालवणाऱ्यांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. स्ट्रॉ ही सुरुवात आहे, तिच्यापासून लोक पुढच्या प्रश्नांकडे वळतील, असे त्यांच्यापैकी अनेकांनी उघडपणे म्हटले होते. लहान पावलाने मोठ्या पावलाची तयारी होते ही अपेक्षा चुकीची नाही, पण ती आपोआप पूर्ण होत नाही. डेव्हिड हॅगमन, एमिली हो आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा प्रयोगांच्या मालिकेत लोकांसमोर कार्बन करासोबत, म्हणजे कार्बन उत्सर्जनावरील करासोबत, एक सोपा, जवळजवळ बिनखर्चाचा हरित उपाय ठेवला गेला. सोपा उपाय समोर येताच करासारख्या परिणामकारक धोरणाला मिळणारा पाठिंबा घटला. कारण असे दिसते की, फारसा भुर्दंड न पडता प्रश्न सुटेल अशी खोटी आशा त्या उपायाने निर्माण केली.

याच अभ्यासातील पुढचा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. सोप्या उपायाचा परिणाम किती लहान आहे हे लोकांना स्पष्ट सांगितले आणि कराचा बोजा वाटतो तितका मोठा नाही हेही दाखवून दिले, तेव्हा ही घट नाहीशी झाली. आणि विशेष म्हणजे सोप्या उपायाचा पाठिंबाही कमी झाला नाही. याचा अर्थ, खरे सांगितले तर लोक हिरमुसून लहान कृती सोडून देतील ही भीती या प्रयोगांत तरी खरी ठरली नाही. ५० कोटींचा फुगलेला आकडा नसता आणि ०.०३ टक्क्यांचा वाटा पहिल्याच दिवशी सांगितला असता, तरीही माणसे स्ट्रॉ नाकारू शकली असती. जाळी, बाटल्या आणि उत्पादन यांविषयी विचारण्याची जागाही त्यांच्या मनात शिल्लक राहिली असती.

जागा शिल्लक राहिली नाही की काय, अशी शंका येण्यासारख्या दोन घटना अलीकडच्या आहेत. त्याच युरोपीय निर्देशानुसार ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक टोपण बाटलीला जोडलेले असणे बंधनकारक झाले. टोपणे किनाऱ्यांवर मोठ्या संख्येने सापडतात, हे त्याच मोजणीतून दिसले होते. परंतु या बदलाविषयी समाजमाध्यमांवर मुख्यतः त्रागा व्यक्त झाला : टोपण नाकाला लागते, ओतताना पेय सांडते, सरकार नको तिथे लक्ष घालते. स्ट्रॉसाठी जी सहानुभूती ओसंडून वाहिली तिचा थोडासा अंशही या नियमाच्या बचावाला आला नाही, कारण टोपणामागची मोजणी कोणी लोकांपर्यंत नेली नव्हती.

दुसरी घटना याहून गंभीर आहे. प्लास्टिक प्रदूषणावर कायदेशीर बंधन असलेला जागतिक करार करण्याचे मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरले. वाटाघाटींत शंभराहून अधिक देशांनी उत्पादनालाच मर्यादा घालण्याच्या बाजूने भूमिका घेतली, तर तेल व पेट्रोरसायनांवर अर्थव्यवस्था उभी असलेल्या देशांनी करार केवळ कचरा व्यवस्थापनापुरता राहावा असा आग्रह धरला. डिसेंबर २०२४ मध्ये बुसान येथे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे चर्चेच्या फेऱ्या सहमतीविना संपल्या. जगात प्लास्टिकचा वापर २०१९ मध्येच वर्षाला ४६ कोटी टनांवर पोहोचला होता, आणि तो वाढू द्यायचा की रोखायचा हा त्या दालनांतला मुख्य वाद होता. त्या दिवसांत प्रतिनिधींवर दबाव आणण्याचे काम मुख्यतः संघटित संस्था, शास्त्रज्ञांचे गट आणि कचरावेचकांचे प्रतिनिधी करत होते. ज्या कोट्यवधी लोकांनी कासवासाठी हळहळून स्ट्रॉ सोडली, त्यांना आपल्या देशाच्या प्रतिनिधीने उत्पादन-मर्यादेच्या प्रश्नावर कोणती भूमिका घेतली हे सांगणारी मोहीम तेवढ्या ताकदीने कोणीही चालवली नाही. ती चालवता येणे आजही शक्य आहे, कारण प्रश्न मिटलेला नाही.